एक्स्पोसितो

मध्यंतरी कामानिमित्त स्पॅनिश नावांची एक लांबलचक यादी चाळत होतो. तिथे प्रत्येकाला दोन आडनावं, साधारणपणे आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. एक आडनाव सारखं भेटत होतं: एक्स्पोसितो. अर्थ शोधला आणि काम बाजूलाच राहिलं.

मूळ शब्द लॅटिन. अर्थ 'बाहेर ठेवलेला'. म्हणजे दारात सोडून दिलेलं बाळ! अनाथालयाच्या भिंतीत 'तोर्नो' नावाची फिरती लाकडी पेटी असे. बाहेरून बाळ ठेवायचं, पेटी फिरवायची, आतून कोणीतरी उचलायचं. कोणी कोणाचं तोंड बघायचं नाही. आईबापांचा पत्ता नाही, मग वहीत आडनाव काय लिहिणार? एक्स्पोसितो.

हा शिक्का पोराबाळांनाही चिकटायचा. १७९४ मध्ये चौथ्या कार्लोस राजाने फर्मान काढून अशा मुलांना कायद्याने औरस ठरवलं, त्यांना हिणवणाऱ्यांना शिक्षा ठेवली. १९२१ मध्ये आडनाव फुकटात बदलायची सोयही झाली. पुष्कळांनी बदललं. तरी आजही स्पेनमध्ये हजारो एक्स्पोसितो आहेत. इटलीत, विशेषतः नेपल्सकडे, 'एस्पोझितो' तर आपल्या पाटलांइतके!

आता गंमत बघा. अठराव्या शतकात अशा अनाथालयांतली बहुतेक बाळं वर्षा-दोन वर्षांत दगावत. म्हणजे आजच्या प्रत्येक एक्स्पोसितोमागे जगलेलं, वाढलेलं, संसार केलेलं एक तरी बाळ आहे. लोक त्यात टाकलं जाणं वाचतात. मला त्यात तगून राहणं दिसतं. माझं असतं ना, तर मी नसतं बदललं बुवा!