ओढ्याच्या पाण्यातले फाज

पुण्यात दांडेकर पुलाजवळ आंबील ओढ्याच्या काठाला उतरून मी दोरी बांधलेल्या बाटलीत पाणी भरत होते. वरून एका आजींनी हटकलं, "अगं, त्या घाणीत काय शोधतेस?" मी म्हटलं, "औषध, आजी." एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी मला जीवाणूंना मारणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरिओफाज, हवे होते. जिथे जीवाणू भरपूर, तिथे फाजही भरपूर, म्हणून सांडपाणी.

पाणी बारीक फिल्टरमधून गाळायचं, म्हणजे जीवाणू मागे राहतात आणि फाज खाली उतरतात. मग कोमट, पातळ अगारमध्ये ई. कोलाय जीवाणू आणि हे गाळलेलं पाणी मिसळून प्लेटवर ओतायचं. पहिल्या दोन वेळा माझा अगार ओतण्याआधीच थिजला, प्लेटवर नुसत्या गुठळ्या. तिसऱ्या वेळी सकाळी इन्क्युबेटर उघडला, तर जीवाणूंच्या धुरकट थरात स्वच्छ, गोल ठिपके पडलेले. प्लाक! फाज जीवाणूला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, आत त्याची पिल्लावळ वाढते आणि जीवाणू फुटतो. वाचलेलं होतं सगळं. पण प्लेट उजेडासमोर धरली तेव्हा माझा हात थरथरत होता.

प्रोजेक्टच्या मॅडमनी तेव्हा हँकिन या जीवाणूशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. 1896 साली त्याने लिहून ठेवलं होतं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात. तो फाजचाच परिणाम असावा, असं पुढे अनेकांनी मानलं. फाजचा शोध ट्वॉर्टने 1915मध्ये आणि देरेलने 1917मध्ये स्वतंत्रपणे लावला. (म्हणून नदीचं पाणी प्यावं असं मुळीच नाही. त्यात फाज असतात तसे रोगजंतूही असतात.)

पुढे मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले. तिथे रोज कल्चर रिपोर्ट लिहायचे. एका आजोबांना लघवीचा संसर्ग वरचेवर व्हायचा. दर वेळी क्लेबसिएला, आणि दर वेळी औषधांच्या नावापुढे रेझिस्टंट, रेझिस्टंट, रेझिस्टंट. शेवटी कोलिस्टिन हे एकच अँटिबायोटिक उरलं. लॅबच्या सरांना विचारून मी तो जीवाणू माझ्या जुन्या फाजसमोर ठेवला. थर जसाच्या तसा. फाजचं असंच असतं, ठरावीक जीवाणू सोडून तो दुसऱ्याला शिवत नाही. आपल्या पोटातल्या चांगल्या जीवाणूंना त्यामुळे धक्का लागत नाही, पण प्रत्येक रुग्णासाठी शोध नव्याने करावा लागतो. मग आमच्याच हॉस्पिटलचं सांडपाणी आणलं. तीन आठवड्यांनी मोहरीहून बारीक प्लाक दिसले.

आजोबांच्या मुलाला हे कळल्यावर तो धावतच आला. "मॅडम, मग द्या ना बाबांना!"

त्याला नाही म्हणणं फार जड गेलं. फाजच्या त्या द्रवात फुटलेल्या जीवाणूंचं विष असतं. ते रक्तात गेलं तर माणूस दगावू शकतो. शिवाय काही फाज जीवाणूंना विषाची जनुकं पुरवतात. घटसर्पाच्या आणि पटकीच्या जंतूंना त्यांचं विष फाजकडूनच मिळालेलं आहे. म्हणजे आधी फाजचा सगळा डीएनए वाचायचा, मग शुद्धीकरण, मग परवानग्या. आमच्या खोलीत यातलं काहीच होण्यासारखं नव्हतं. जॉर्जियात, तिबिलिसीच्या एलियावा इन्स्टिट्यूटमध्ये, असे उपचार होतात, एवढं मी सांगितलं. संस्था 1923पासूनची आहे. त्याने ते नाव रिपोर्टच्या मागे लिहून घेतलं.

आजोबांचा ताप कोलिस्टिनने उतरला, पण किडनी दुखावली. औषध हाताशी असताना द्यायची सोय नव्हती, हे मला अजून सलतं.

त्या फाजची कुपी अजून आमच्या फ्रिजमध्ये आहे. क्लेबसिएलाचा असा हट्टी नमुना आला, की काम आटोपल्यावर त्याच्या प्लेटवर मी तिच्यातला एक थेंब सोडते. बहुतेक वेळा काही होत नाही. या महिन्यात दोनदा थेंबाखाली थर साफ झाला. दोन्ही नमुन्यांचे नंबर वहीत लिहून ठेवलेत.