एक तारीख, दोन नोंदी

खासबागेत आमच्या घराला लागूनच एका विणकराचे घर आहे. त्या घरातला मुलगा आणि मी एकाच वर्गात शिकतो. तो घरी कन्नड बोलतो, मी मराठी. एकमेकांशी बोलताना मात्र कोणते वाक्य कोणत्या भाषेत संपेल याचा नेम नसतो. वर्षभर आम्ही बरोबर हिंडतो. फक्त १ नोव्हेंबरला भेटत नाही. त्या दिवशी त्यांच्या दारावर लाल-पिवळा झेंडा लागतो आणि आमच्या घरची माणसे दंडाला काळी फीत बांधून निषेध फेरीला जातात.

गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी त्याने सरळच विचारले, "अरे, तुमच्यात हा दिवस काळा का म्हणून?" प्रथम रागच आला. मग लक्षात आले, की त्याला खरोखरच माहीत नव्हते! १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, त्याच वर्षी १७ जानेवारीला इथे झालेल्या गोळीबारात माणसे बळी पडली, हे मी त्याला सांगितले. तो मुकाट्याने ऐकत राहिला. नंतर त्याने आपल्या आजोबांकडून ऐकलेले सांगितले. कन्नड माणसे मुंबई, हैदराबाद, मद्रास, म्हैसूर, कोडगू अशी विखुरलेली होती. ती त्या दिवशी एकत्र आली. १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा कर्नाटक एकीकरणाची परिषदही इथेच झाली होती. हे मला ठाऊक नव्हते. आणि १९४६ च्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव याच गावात झाला, हे त्याला ठाऊक नव्हते. एका गावात दोन एकीकरणांची स्वप्ने! एकच तारीख, त्याच्या घरी ताटातूट संपल्याची, माझ्या घरी सुरू झाल्याची.

दुभंगलेला देश एक झाल्यावर मागचे दिवस कसे स्मरावेत, याचे एक उदाहरण मध्यंतरी वाचनात आले. पूर्व जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठाचे जुने चर्च महायुद्धाच्या बॉम्बहल्ल्यांतूनही वाचले होते. कम्युनिस्ट राजवटीने ते ३० मे १९६८ रोजी सुरुंग लावून पाडले. तिथे नवी इमारत उठली आणि तिच्या दारावर कार्ल मार्क्सचे प्रचंड धातुशिल्प बसले. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी त्याच शहरात सुमारे सत्तर हजार लोक रस्त्यावर उतरले. गोळी सुटली नाही. महिन्याने बर्लिनची भिंत कोसळली. विद्यापीठाच्या नावातले मार्क्सचे नाव १९९१ मध्ये गेले. चर्चच्या जागी २०१७ मध्ये नवी वास्तू खुली झाली. ती सभागृहही आहे आणि चर्चही. नावावरून बराच वाद झाला, शेवटी दोन्ही नावे ठेवली. पण मला विशेष वाटले ते पुढचेच. मार्क्सचे ते शिल्प त्यांनी वितळवले नाही. दुसऱ्या आवारात नेऊन ठेवले आणि जवळ त्याचा सारा इतिहास लिहून लावला.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे पहिल्या वर्षीच शिकवतात. कीर्दीत चुकीची नोंद झाली तर ती खरवडायची नाही. ती तशीच ठेवायची आणि खाली दुरुस्तीची नोंद करायची. खरवडलेल्या वहीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

लाइपझिगची आणि बेळगावची बरोबरी मी करत नाही. तिथे हुकूमशाही होती, इथे लोकशाही आहे. सीमेचा निवाडा न्यायालय करील. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे. परंतु शेजाऱ्याची वही वाचायला न्यायालयाच्या हुकुमाची गरज नाही. आम्ही दोघे वीस वर्षे भिंतीला भिंत लावून राहिलो, आणि दोघांनीही आपापलीच वही वाचली!

१ नोव्हेंबरला मी यापुढेही काळी फीत बांधीन. आमचे दुःख खरे आहे आणि ते खरवडायचे नाही. पण त्या दिवशी त्याच्या दारावरून जाताना मान खाली घालणार नाही. १७ जानेवारीला हुतात्मा चौकात तो माझ्याबरोबर येणार आहे. आणि त्याच्या आजोबांची हकीकत याच अंकाच्या कन्नड विभागासाठी लिहायला मी त्याला सांगितले आहे. ती वाचल्याखेरीज माझा हा लेख पुरा झाला असे वाचकांनी समजू नये.