काकांचा स्टेंट

चुडाव्याहून रेल्वेनं नांदेड जवळच. तरी काका कितीतरी दिवस कुशीतली कळ ओव्यावर भागवत होते. मूत्रपिंडातून निघते तिथंच नळी आवळलेली, लघवी तुंबून मूत्रपिंड फुगलेलं. शेवटी दुर्बिणीनं, पोटावर छोटी छिद्रं पाडून, तेवढा तुकडा कापून नळी जोडली. १९९० साली अमेरिकेत राल्फ क्लेमन यांनी तर गाठ असलेलं अख्खं मूत्रपिंड पोटातच पिशवीत घालून, बारीक करून छिद्रातून काढलं. काकांना ते खरंच वाटेना.

जोड भरेपर्यंत आत स्टेंट, म्हणजे बारीक पोकळ नळी, आहे. दोन्ही टोकं वळलेली, म्हणून सरकत नाही. "घातलाय तर राहू द्या की!" काका म्हणतात. पण काढायचा विसरला तर त्यावरच खडे धरतात. काढायची तारीख काकूंनी कालनिर्णयावर लाल शाईनं लिहिलीय.