कानातली काडी

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराई हा आमचा हंगाम, बाकी वर्षभर पासपोर्ट साइज. पीकविमा, निराधार योजना, बँकेचं खातं, कोणत्याही अर्जाला फोटो लागतो. मान सरळ, डोळे कॅमेऱ्यात, पदर मागे, दोन्ही कान दिसू द्या, हे मी दिवसभर घोकत असतो. त्यामुळंच माझी नजर कानांवर गेली असावी. जूनमध्ये पदर मागे सारला की बऱ्याच बायकांच्या कानात सोनं नसतं. भोक बुजू नये म्हणून कडुनिंबाची नाहीतर खराट्याची काडी खोचलेली असते.

मृग तोंडावर आला की बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं सगळं एकदम उभं राहतं. सोसायटीचं जुनं कर्ज थकलेलं असलं तर नवीन मिळत नाही. मग आधी पोत जाते, ती गेली की कानातली फुलं. काट्यावर वजन होतं, त्यातून घट धरली जाते, हातात चिठ्ठी पडते. शेतकऱ्याच्या तारण कर्जावर परवानाधारक सावकारानं वर्षाला ९ टक्क्यांहून जास्त व्याज घ्यायचं नाही, असं सरकारनं ठरवून दिलंय. गावात मात्र भाव महिन्याचा बोलतात, शेकडा तीन रुपये. वर्षाचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

या कर्जाचे फोटो काढावेत असं फार दिवस मनात होतं, पण कसे ते सुचत नव्हतं. वर्तमानपत्रातला शेतकरी कायम भेगाळलेल्या रानात कपाळाला हात लावून आभाळाकडं बघत असतो. खरं तर कॅमेरा दिसला की आमच्याकडचा माणूस टोपी सरळ करतो, बाई पदर सावरते. अडचणीतलं तोंड कुणी मुद्दाम करून दाखवत नाही, आणि तसं करायला सांगणं मला लबाडी वाटते.

डोरोथिया लँगनं १९३६ साली कॅलिफोर्नियात, निपोमोजवळ, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर काढलेला ‘मायग्रंट मदर’ हा फोटो आमच्या धंद्यातल्या बहुतेकांना माहीत असतो. सगळे त्या आईच्या चेहऱ्याबद्दल बोलतात. मी तिच्या दोन्ही खांद्यांना बिलगलेली मुलं बघतो. त्यांनी कॅमेऱ्याकडं पाठ फिरवलीये, नुसते विस्कटलेले केस आणि माना दिसतात. लँगनं त्या बाईचं नाव विचारलंच नव्हतं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं ते १९७८मध्ये, आणि या फोटोतून आपल्याला काही मिळालं नाही, असं तिनं बोलून दाखवलं. चाळीसेक वर्षं तिचा चेहरा जगभर फिरत होता.

म्हणून मी चेहरा सोडून दिला. बायकांना आडवं बसवायला लागलो. स्टुडिओतले दिवे बंद, शटर अर्धं वर, रस्त्यावरून येईल तेवढाच उजेड. १०० एमएमची मॅक्रो लेन्स अंगठ्या आणि मेंदी टिपायला घेतली होती, ती इथं कामी आली. चौकटीत कान, गालाची कड आणि थोडे केस, बाकी काही नाही. एका मावशींच्या कानाचं भोक झुब्यांच्या वजनानं ओघळून लांबट झालं होतं. काडी सैल पडायची, म्हणून त्यांनी तिला काळा दोरा गुंडाळलेला. फोटो मोठा केल्यावर त्या दोऱ्याची गाठ दिसली आणि भोकाच्या कडेला हळदीचा पिवळा डाग. नकली फुलं घातली की कान पिकतो, म्हणून परत काडीवर आलेल्या होत्या.

बोलणी माझी बायको करायची. पुरुषानं बाईला कानाचा फोटो मागणं आमच्या गावात शोभण्यासारखं नाही. बायकांची पहिली चौकशी एकच, “तोंड येनार नाही ना?” दुसरी गोष्ट त्यांनीच ठरवली: कानाच्या फोटोच्या बदल्यात एक चांगला, समोरून, फ्रेम करून. त्यासाठी कुणी जावेची फुलं घालून आलं, कुणी लेकीची साडी नेसून. तो फोटो माझ्या कामाचा नव्हता, पण त्यावर मी लग्नाच्या फोटोइतकीच मेहनत घेतली.

दिवाळीला तेच कान परत टिपायचे असं ठरवलं होतं. सोयाबीन विकलं की दागिना सुटतो, निदान सुटावा अशी रीत आहे. २०२४ला हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात माल चार हजारांच्या आसपास जात होता. काही कानांत फुलं परत आली. बऱ्याच कानांत काडीच होती, फक्त नवी. एक काकू आल्याच नाहीत, काय दाखवायला येऊ म्हणाल्या. त्यांचा जूनचा फोटो मी एकटाच लावला आणि शेजारची जागा मोकळी ठेवली.

जिल्ह्याच्या ठिकाणी वाचनालयाच्या हॉलमध्ये हे फोटो लावले. एका पत्रकारानं विचारलं, “यात माणूस कुठंय?” त्याला बातमीसाठी रडका चेहरा हवा होता. बायका मात्र कान बघून एकमेकींना ओळखत होत्या. तोंडाला पदर लावून हसत होत्या, “ही तुझीच की गं.” एका नवऱ्याला ते आवडलं नाही. घरातली गोष्ट भिंतीवर टांगली म्हणाला. मी त्याच्या बायकोला विचारलं. “राहू द्या भाऊ, माझाच कान हाय,” असं ती त्याच्यासमोरच म्हणाली, तेव्हा फोटो राहिला.

फोटोखाली नाव नाही, गाव नाही. आधी मी महिना, कारण आणि उचललेली रक्कम लिहायचो. जून, बियाणं, वीस हजार. त्या झुबेवाल्या मावशींनी ते वाचून घेतलं आणि म्हणाल्या, “पैशे कशाला लिवलास बाबा? पैशे ह्यांनी रानात घातले. झुबे माझ्या आईनं दिलते, वजन लिव्ह.” तेव्हापासून मी वजन लिहितो. चिठ्ठीवर घट वजा केलेलं असतं ते नव्हे, बायका सांगतात ते.