छाप्याचं ऋण

शिक्षिका म्हणून आज मला जे थोडंफार येतं, त्यातला मोठा वाटा डी.एड.च्या वर्गाचा नाही. तो साकीनाक्याच्या खैरानी रोडवरच्या एका गाळ्याचा आहे. मालाच्या लाकडी पेट्यांवर नाव, वजन, गाव उमटवायचे पत्र्याचे छापे तिथे कापले जात. छापे कापणारे काका माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील. प्राचीन इजिप्तशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता, पण मला इजिप्त उमगलं ते त्यांच्या छाप्यामुळे. मुलांना शिकवायचं कसं, हेही बरंचसं तिथेच कळलं.

साकीनाक्याच्या मराठी शाळेत मी लागले तेव्हा अंधेरी-कुर्ला रोडवर मेट्रोचे खांब उभे राहत होते आणि घाटकोपरहून येणारी बस धुळीत अडकून पडायची. मुलं जरीमरीची, मोहिलीची, खैरानी रोडच्या आतल्या गल्ल्यांतली. कुणाचे वडील पावडर कोटिंगला, कुणाची आई शिलाईच्या कारखान्यात धागे कापायला, कुणाचं अख्खं घर भंगारात. पाचवीच्या अभ्यासात तेव्हा नदीकाठच्या प्राचीन संस्कृती होत्या, त्यात इजिप्त होता. मी तो भाग वाचून दाखवी आणि प्रश्नोत्तरं लिहून देई. नाईल, पिरॅमिड, ममी, चित्रलिपी, एवढ्या चार शब्दांपलीकडे मलाही फारसं ठाऊक नव्हतं. ‘बाई, ममी रात्री उठते का?’ असं मुलं सिनेमा बघून विचारत. मी हसून पुढचा धडा घेई.

वर्गाच्या भिंतीवर इजिप्तची चित्रं काढायचं ठरलं तेव्हा माझी अडचण झाली, कारण मला चित्र काढता येत नाही. ती मुलगी म्हणाली, ‘माझे बाबा छापे कापतात.’ मी पुस्तकातलं होरसच्या डोळ्याचं चित्र घेऊन गाळ्यात गेले. काकांनी ते उजेडात धरून पाहिलं आणि विचारलं, ‘बाई, हे बुबुळ कशाला धरून राहणार?’ मला प्रश्नच कळेना. त्यांनी एका छाप्यावरचा शून्य दाखवला. शून्य सगळीकडून कापला तर त्याचं पोट गळून पडतं, म्हणून वर-खाली पत्र्याची बारीक दांडी ठेवावी लागते. डोळ्यातल्या बुबुळालाही तशा दांड्या हव्यात. मी म्हटलं, तुम्हीच ठेवा. ते म्हणाले, ‘पोरांना ठरवू दे की. मग नीट बघतील.’

माझ्या नोकरीतलं पहिलं खरं प्रशिक्षण ते. दांडी कुठे ठेवायची हे ठरवायला मुलांना चित्राकडे टक लावून बघावं लागलं, आणि मी वाचून दाखवताना त्यांनी कधी न विचारलेले प्रश्न ती विचारू लागली. डोळ्याखाली ही रेघ कसली? ती ससाण्याच्या तोंडावरची खूण, कारण होरस हा ससाण्याच्या डोक्याचा देव. माणसाचं तोंड बाजूने दिसतं, मग डोळा समोरून कसा? खांदे समोरून आणि पाय परत बाजूने का? उत्तरं मला शोधावी लागली. शरीराचा प्रत्येक भाग जिथून स्पष्ट ओळखू येतो तिथून दाखवायचा, ही त्या चित्रकारांची रीत होती. डोळ्याला त्या क्षणी कसं दिसलं, यापेक्षा माणूस पुरा असणं त्यांना महत्त्वाचं होतं. हे वाचायला मी रात्री बसू लागले.

छाप्याला पत्रा मुलांच्या हाती देता येत नव्हता. काकांनीच सुचवलं, जुने एक्स-रे आणा. घराघरांतून फिल्मा आल्या. कापायचं काम मी आणि काका करायचो, आखायचं मुलं. रंग घट्ट ठेवायचा, कापडाचा बोळा जवळजवळ कोरडा करायचा आणि वरून टिपायचा; ओढला की रंग छाप्याखाली शिरतो. गेरू, काजळी, चुना आम्ही आणला, कारण इजिप्तचे रंगही असेच मातीचे, काजळीचे आणि खडूचे होते. निळा मात्र ते भट्टीत बनवत. वाळू, चुना, तांबं आणि खार मिसळून नऊशे अंशांच्या आसपास तापवत. पावडर कोटिंगवाल्याच्या मुलाने घरी विचारून सांगितलं, बाबांची भट्टी दोनशेलाच थांबते. नऊशे म्हणजे किती, हे वर्गाला त्याच्यामुळे कळलं.

2012च्या नोव्हेंबरमध्ये फोर्टच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमचं ममीचं प्रदर्शन आलं. नेस्पेरेन्नुब नावाचा कर्नाकच्या देवळातला पुजारी, इसवी सनापूर्वी 800च्या सुमाराचा. त्याची पट्टी न सोडता, सी.टी. स्कॅन करून आतलं सगळं दाखवलं होतं. त्याच्या डोक्याला मातीचा एक वाडगा चिकटलेला होता. कामाच्या वेळी कुणाच्या तरी हातून तो राहून गेला असावा, असं अभ्यासक मानतात. एक्स-रेच्या फिल्मवर छापे आखणारी माझी मुलं ते बघत होती. एकजण म्हणाला, ‘म्हणजे त्यांचंही काम बिघडायचं!’ ममी रात्री उठते का, हे त्यानंतर त्या वर्गात कुणी विचारलं नाही. बनवणारी माणसं त्यांना दिसली होती.

पुढच्या एका वर्षी एका मुलाने चित्रलिपीतल्या घुबडाचा छापा उलटा ठेवला. सगळ्या ओळीत घुबडं डावीकडे बघत होती, त्याचं एकटं उजवीकडे. पेटीवरचा छापा उलटा पडला तर अक्षर वाचता येत नाही, पेटी परत रंगवावी लागते. मी त्याला पुसायला सांगणार होते; पण तोवर काकांकडून इतकं शिकले होते की आधी बघावं. घरी पुस्तक उघडलं तर कळलं, चित्रलिपी दोन्ही दिशांनी लिहीत. पक्षी, प्राणी, माणसं ज्या बाजूला तोंड करून असतात, त्या बाजूने वाचायला सुरुवात करायची. दाराच्या दोन्ही अंगांना समोरासमोर तोंडं करून तोच मजकूर कोरलेला सापडतो. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच छाप्याने, सुलटा आणि उलटा, आम्ही घुबडं उमटवली. ते मी शिकवलेलं नव्हतं. छाप्याने आणि त्या मुलाने मला शिकवलेलं होतं.

छापा अर्धंच खरं सांगतो, हेही मला छाप्यामागे जातानाच समजलं. थडग्यांतली ती चित्रं छाप्याने काढलेली नव्हती. कारागीर दोरी तांबड्या रंगात बुडवून भिंतीवर ताणत आणि टिचकी मारत. आपल्याकडचे सुतार मारतात तशीच. अशा रेघांनी आखलेल्या चौकटींत उभा माणूस तळपायापासून कपाळावरच्या केसांपर्यंत अठरा घरांत बसवत. होरेमहेब राजाचं थडगं अपुरं राहिलं, म्हणून तिथे तांबड्या रेघांचा कच्चा आराखडा आणि त्यावर काळ्या रेघांनी केलेली दुरुस्ती अजून दिसते. तेव्हापासून छापे झाले की मी मुलांना चौकटीच्या वहीत अठरा घरांचा माणूस काढायला लावते, आणि छापा ही आपली सोय होती, त्यांची रीत नव्हे, हे स्पष्ट सांगते.

या भिंती रंगवणारी माणसं देर अल-मदिना नावाच्या वस्तीत राहत. त्यांचा हजेरीपट चुनखडीच्या एका मोठ्या चिपेवर लिहिलेला सापडला आहे, रामसेस दुसऱ्याच्या चाळिसाव्या वर्षातला. तारखा काळ्या शाईत, गैरहजेरीची कारणं वर तांबड्या शाईत. कुणाचे डोळे आलेले, कुणाला विंचू चावलेला, कुणी आईच्या अंत्यविधीत गुंतलेला. पुढे रामसेस तिसऱ्याच्या एकोणतिसाव्या वर्षी, इसवी सनापूर्वी 1150च्या आसपास, धान्याच्या रूपातला पगार थकला तेव्हा त्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि ती एका देवळामागे जाऊन बसली. त्याची नोंद असलेला पपायरस इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. जगातल्या पहिल्या नोंदलेल्या संपांत तो गणला जातो.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा शांतता पसरली. पगार थकणं म्हणजे काय, हे मला वाचून कळलं होतं. त्यांना घरातून ठाऊक होतं. एका मुलीने विचारलं, ‘मग मिळालं का त्यांना धान्य?’ मिळालं, पण उशिरा, आणि पुन्हापुन्हा बसावं लागलं. त्या दिवशी इजिप्त राजांचा देश राहिला नाही. तो साकीनाक्यासारखा, हाताने काम करणाऱ्यांचा झाला. मी तोवर राजांची नावं पाठ करून घेत होते. माझ्या समोर बसलेल्या मुलांचे पूर्वज शोभावेत असे लोक त्याच धड्यात होते, आणि त्यांच्यापर्यंत मला एका पत्रा कापणाऱ्याने नेलं.

काकांचा गाळा आता नाही. छपाईची लेबलं आणि संगणकावर कापलेले छापे आले, काम कमी झालं, ते गावी गेले. त्यांनी दिलेला होरसच्या डोळ्याचा पत्रा शाळेच्या कपाटात आहे आणि दरवर्षी वापरात आहे. मी त्यांचे आभार मानले तेव्हा ते म्हणाले होते, ‘मी काय केलं? पत्रा कापला.’ मला ते पटलं नाही, आजही पटत नाही.

प्रत्येक शाळेच्या आसपास असा एखादा गाळा असतो, एखादी शिलाईची खोली, एखादं सुतारकाम. शिक्षकांनी धडा घेण्याआधी एकदा तिथे जाऊन यावं, बसून बघावं, विचारावं. आणि तिथून मिळालेलं वर्गात सांगताना ते कुणाकडून मिळालं, हेही मुलांना सांगावं. बहुतेक वेळा ते त्यांच्यापैकीच कुणाचे तरी आई-वडील असतात.