हिरवळीचं देणं

फ्लोरिडातल्या ऑरलँडोत खरी थंडी पडते ती मोजके दिवस. जानेवारीत उत्तरेकडून लाट येते, पहाटे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो आणि कपाटाच्या तळाचे स्वेटर बाहेर निघतात. अशा वेळी भारतातून कुणी आलेलं असलं, तर मी त्यांना डिस्नेच्या आधी ऑरेंज सिटीजवळच्या ब्लू स्प्रिंग पार्कला नेते. निघायचं मात्र उजाडताच. गाड्यांची जागा भरली की फाटक बंद होतं.

झऱ्याच्या काठाने लाकडी पायवाट आहे. पाण्यावर वाफ तरंगत असते आणि खाली तळाच्या वाळूवर मॅनाटी शेजारी शेजारी पहुडलेल्या असतात. मॅनाटी म्हणजे पाण्यातल्या वनस्पतींवर जगणारे सस्तन प्राणी; तीन मीटर लांबी, चार-पाचशे किलो वजन. पण कातडीखाली चरबी बेताचीच. सेंट जॉन्स नदी २० अंशांखाली गेली की त्यांना सोसत नाही, गारठा लांबला तर त्या दगावतात. झऱ्याचं पाणी बारा महिने २२-२३ अंशांवर असतं, म्हणून त्या नदी सोडून इथे येतात. २१ जानेवारी २०२४ रोजी इथे ९३२ मॅनाटी मोजल्या गेल्या.

मागच्या खेपेला एक मादी अगदी कठड्याखाली वर आली. नाकपुड्यांवरचे पडदे उघडले, फुस्स करून श्वास सुटला, पडदे पुन्हा मिटले. वल्ह्यासारख्या हातांवर नखं दिसत होती. हत्ती तिच्या नात्यातला आहे, हे ती नखं पाहून पटतं. पिल्लू तिच्या काखेशी तोंड लावून दूध पीत होतं. तिच्या पाठीवर मात्र सारख्या अंतरावर पांढरे वळ होते, बोटीच्या पंख्याचे. अशा व्रणांवरूनच अभ्यासक एकेक मॅनाटी ओळखतात.

बोटी निदान डोळ्यांना दिसतात, दुसरा धोका दिसत नाही. २०२१ साली फ्लोरिडात अकराशेवर मॅनाटी मेल्या, त्यातल्या कित्येक उपासमारीने. अटलांटिक किनाऱ्याच्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये खतं आणि सांडपाणी उतरत राहिलं, शेवाळ माजलं, तळापर्यंत ऊन पोहोचेना आणि मॅनाटींचं अन्न असलेलं समुद्रगवत मेलं. पुढे दोन हिवाळे त्यांना लेट्यूस टाकून जगवावं लागलं.

ही गोष्ट मी पाहुण्यांना सांगते, पण ती खरी आहे इथे घर केलेल्या आमच्यासाठी. इथली जमीन चुनखडीची. अंगणात पडलेलं पाणी सरळ खाली मुरतं. आम्ही राहतो त्या वायव्य ऑरलँडोतलं पाणी वेकाइवाच्या झऱ्यांतून वर येतं आणि त्याच सेंट जॉन्सला मिळतं. हिरवळीला दिलेलं नत्र त्याच्याबरोबर जातं. म्हणून मध्य फ्लोरिडात बऱ्याच ठिकाणी पावसाळ्यात नत्रखताला बंदी असते.

आम्ही तर नत्रखत वर्षात कधीच घालत नाही. घरापुढची हिरवळीची पट्टी खणून तिथे इथलीच, कमी पाण्यावर वाढणारी झुडपं लावली. कॉलनीच्या बैठकीत मी हा विषय काढते, आणि गल्लीतली आणखी काही घरं आता खत टाकत नाहीत. परक्या देशात घर घेतलं की त्याच्याखालचं पाणीही आपल्या जबाबदारीत येतं. ज्यांना मॅनाटी पाहायची हौस आहे, त्यांनी जानेवारीत ब्लू स्प्रिंगला जरूर जावं आणि जूनमध्ये खताची गोणी दुकानातच राहू द्यावी.