ऑक्सिमीटर ९७ दाखवतो, पण पायांत त्राण नाही

दादाला करोना झाला तो एप्रिल २०२१ मध्ये, पुण्यात दुसरी लाट ऐन भरात असताना. दवाखान्यात दाखल करावं लागलं नाही. ताप उतरला, तोंडाला चव आली आणि तो बँकेत रुजूही झाला. वर्षानुवर्षं रविवारी आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड चढणारा हा माणूस. महिनाभरात पुन्हा गडावर दिसेल, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

झालं उलटंच. जिना चढला की मांड्या भरून यायच्या, रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. पाण्यानं भरलेली बादली उचलताना हात थरथरायचे. बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर आकडा ९७. छातीचा सीटी स्कॅन, टूडी इको, रक्ताच्या तपासण्या, सगळं नॉर्मल. “पडून राहिल्यानं स्नायू सैल पडलेत, रोज थोडं थोडं चालणं वाढवा,” असा सल्ला मिळाला. दादा शिस्तीचा. त्यानं तो तंतोतंत पाळला.

आणि दर वेळी तो कोसळला.

यातली खूण हेरली ती वहिनीनं. ती कालनिर्णयच्या चौकोनांत रोज एक शब्द लिहू लागली: ‘चालले’, ‘बाजार’, ‘झोपून’. काही आठवड्यांनी पानं उलटून पाहिली, तेव्हा दिसलं की जास्त श्रम झाले त्या दिवशी दादाला फारसं काही होत नाही. त्रास उठतो दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी: अंग ठणकतं, डोकं जड होतं, वाचलेलं कळत नाही. मग कित्येक दिवस अंथरूण सुटत नाही. व्यायामानं येणारा नेहमीचा थकवा रात्रीच्या झोपेनं उतरतो, हा मात्र झोपेनंतर वाढत होता.

श्रमानंतर उशिरा बळावणारा हा त्रास लाँग कोविडच्या अनेक रुग्णांत दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये या आजाराची व्याख्या केली. लागण झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही निदानानं उलगडत नाहीत अशी लक्षणं त्यात येतात. थकवा आणि दम लागणं ही त्यांतली ठळक.

मग ऑक्सिमीटर खोटं बोलतो का? नाही. तो सांगतो रक्तात प्राणवायू किती आहे. स्नायू त्यातला किती उचलतात, हे त्याला कळत नाही. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये डेव्हिड सिस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी अशा दहा रुग्णांच्या रक्तवाहिन्यांत नळ्या घालून व्यायाम चालू असतानाच मोजमाप केलं. हृदय नीट काम करत होतं, फुप्फुसंही ठीक होती. रक्तातला प्राणवायू शरीराच्या पेशींना पुरेसा घेता येत नव्हता.

ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी थेट स्नायूच तपासला. जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये त्यांचा अभ्यास आला. लाँग कोविडचे २५ रुग्ण आणि करोनातून पूर्ण बरे झालेले २१ जण सायकल चालवून दमले. त्याआधी आणि त्यानंतरच्या दिवशी त्यांच्या मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून पाहिला. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाचं काम रुग्णांत मुळातच मंद होतं, आणि श्रमानंतर ते आणखी खालावलं. लवकर थकणारे तंतू त्यांच्या स्नायूंत जास्त होते. स्नायूला इजा झाल्याच्या खुणाही श्रमानंतर वाढलेल्या दिसल्या. केवळ हालचाल कमी झाली म्हणून हे सगळं घडलं, असं म्हणता येत नाही, हा संशोधकांचा निष्कर्ष.

हे वाचलं तेव्हा दादा बराच वेळ बोलला नाही. मग वहिनीला म्हणाला, “अगं, म्हणजे मी कच खाल्ली नव्हती.”

घरातल्या रीती तोवर बदलल्याच होत्या. आंघोळ स्टुलावर बसून, दाढी बसून, भाजी निवडणं बसून. दमायच्या आधीच थांबायचं. मनगटी घड्याळात नाडीचे ठोके ठरलेल्या आकड्यापुढे गेले की हातातलं काम खाली ठेवायचं. बरं वाटलेल्या दिवशी दुप्पट कामं उरकायचा मोह आवरणं सर्वांत कठीण. या मर्यादेत राहिल्यानं कोसळण्याचे प्रसंग विरळ होत गेले. आज दादा सपाट रस्त्यावर बागेपर्यंत जाऊन येतो. गड अजून नाही.

सगळ्यांचंच असं नसतं. काही जणांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवलेल्या व्यायामाचा फायदा होतो. म्हणून कोणालाही व्यायाम सांगण्याआधी डॉक्टरांनी एक प्रश्न जरूर विचारावा: श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास वाढतो का? उत्तर ‘हो’ असेल, तर चालणं वाढवायला सांगू नये. आणि घरच्यांनी अशा माणसाला ‘आळस झटक’ म्हणण्याऐवजी त्याच्या हातातली पिशवी घ्यावी.